कोडमधून मेसेज पाठवताना

(अहिल्यानगर येथे तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला गेला तो असा : आपल्या अभ्यासिकेसाठी मेसेज पाठवणारी यंत्रणा आपणच कशी बनवायची? तुमच्यापैकी काही जण डिप्लोमा करताहेत, काही बीसीए किंवा इंजिनिअरिंगला आहेत, आणि काहींचा कोडशी काहीच संबंध नाही. दोघांनाही समजेल असं बोलते. मी मूळची श्रीरामपूरची. इंजिनिअरिंग झाल्यापासून पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते, आणि त्यातली काही वर्षं मेसेज पाठवणाऱ्या यंत्रणांवरच गेली आहेत.

कोडमधून मेसेज पाठवणं आज चार ओळींचं काम आहे. ते मी आधी उरकून टाकते. उरलेला वेळ मला अशा गोष्टींसाठी हवा आहे ज्या कोणतीही लायब्ररी तुमच्यासाठी करत नाही. फोन कोणाचा आहे? त्या माणसाला कोणती लिपी वाचता येते? त्यानं परवानगी दिली आहे का? आणि मेसेज खरंच पोचला का?

व्हॉट्सॲप असताना एसएमएस कशाला?

हा प्रश्न येणारच, म्हणून आधी घेते. व्हॉट्सॲपला स्मार्टफोन लागतो आणि डेटा लागतो. एसएमएसला साधा बटणाचा फोन पुरतो, आणि रिचार्जमधला डेटा संपला असला तरी तो येतो. आपला जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सर्वांत मोठा, १४ तालुक्यांचा. अकोल्याच्या डोंगरातलं गाव आणि जामखेडचं गाव, दोन्हीकडे नेटची रेंज सारखी नसते. मेसेज मात्र फोन बंद असला तरी कंपनीकडे काही काळ थांबून राहतो आणि रेंज आली की उतरतो.

आपल्या भागातल्या लोकांना मेसेजची सवय आधीपासून आहे. दूध संकलन केंद्रावर दूध घातलं की लिटर, फॅट आणि एसएनएफ मोबाईलवर येतं. शेतकऱ्यांसाठी केंद्र सरकारचं एमकिसान पोर्टल १६ जुलै २०१३ रोजी सुरू झालं, त्यातून पीकसल्ला येतो. वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट या संस्थेनं संगमनेर आणि अकोले भागातल्या गावांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आणि त्या नोंदींवरून तयार केलेला सल्ला शेतकऱ्यांना एसएमएसनं पाठवला. या संस्थेकडे मी पुढे परत येणार आहे, कारण तिनं फक्त एसएमएसवर भरवसा ठेवला नाही.

आता तुमची अभ्यासिका. समजा तुमच्याकडे मोहल्ल्यातल्या ३०० मुलामुलींची नोंद आहे आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख जवळ आली आहे. अल्पसंख्याकांसाठीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून फक्त नववी आणि दहावीपुरती ठेवली गेली. म्हणजे आधी दहा वर्षं अर्ज करता यायचा, तिथे दोनच वर्षं उरली. एक तारीख चुकली की अर्धी संधी गेली. मेसेज वेळेवर जाण्याचं महत्त्व एवढं आहे.

खिडकी आणि अर्ज लिहून देणारा

एपीआय म्हणजे काय? तहसील कचेरीची खिडकी समजा. आत काय चालतं ते तुम्हाला दिसत नाही. ठरलेल्या नमुन्यात कागद दिला की काम पुढे सरकतं आणि पोच मिळते. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीची अशीच एक खिडकी इंटरनेटवर असते. तिथे ओळख पटवायची, कोणाला पाठवायचं तो नंबर द्यायचा, मजकूर द्यायचा. उलट एक पोच क्रमांक येतो.

आणि क्लायंट लायब्ररी? कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून अर्ज लिहून देणारे बसतात ना, ते काम. तुम्ही आपलं म्हणणं साध्या शब्दांत सांगता. नमुना कोणता, तिकीट कुठे लावायचं, कोणत्या खिडकीवर द्यायचं, हे त्यांना पाठ असतं. अर्ज परत आला तर का आला तेही ते सांगतात. क्लायंट लायब्ररी कोडमध्ये हेच करते. एपीआयचा पत्ता, ओळख पटवण्याची रीत, मजकूर पाठवायचा साचा, आलेल्या उत्तराचा अर्थ लावणं, चूक झाली तर ती नीट नाव देऊन दाखवणं, हे सगळं तिच्यात आधीच लिहिलेलं असतं. वाचनालयाशी तिचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं.

ट्विलिओ या कंपनीचं उदाहरण घेते, कारण तिची कागदपत्रं शिकायला चांगली आहेत. भारतात एमएसजी९१, गपशप, एक्झोटेल अशाही कंपन्या आहेत. तपशील वेगळे, पण विचार तोच. पायथॉनमध्ये पिपनं ट्विलिओची लायब्ररी बसवायची. मग पहिली ओळ : लायब्ररीतून 'क्लायंट' मागवायचा. दुसरी ओळ : खात्याचा क्रमांक आणि टोकन देऊन क्लायंट तयार करायचा. तिसरी ओळ : क्लायंटच्या 'मेसेजेस'मधलं 'क्रिएट' बोलवायचं आणि त्याला तीन गोष्टी द्यायच्या, 'टू', 'फ्रॉम' आणि 'बॉडी'. 'फ्रॉम' हा पायथॉनचा स्वतःचा राखीव शब्द असल्यामुळे तिथे शेवटी अंडरस्कोर लावावा लागतो. नवशिके इथे हमखास अडखळतात. चौथी ओळ : परत आलेल्या वस्तूतला पोच क्रमांक आणि स्थिती छापायची. झालं.

लायब्ररी न वापरता थेट एपीआयला विनंती पाठवता येते का? येते, आणि शिकण्यासाठी एकदा करूनही बघा. पण रोजच्या कामात कंपनीची अधिकृत लायब्ररी घ्या. घेताना तीन गोष्टी पाहा. ती त्याच कंपनीनं काढली आहे ना, की सारख्या नावाची कोणीतरी टाकली आहे? तिच्यात शेवटचा बदल कधी झाला? आणि तुमच्या प्रोजेक्टमध्ये तिचा आवृत्ती क्रमांक पक्का लिहून ठेवला आहे ना? नाहीतर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि चालू असलेला कोड अचानक थांबतो.

टोकनबद्दल कडक सांगते. ते कोडमध्ये लिहायचं नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवायचं. गिटहबवर उघड्या ठेवलेल्या कोडमधून अशी टोकनं शोधत फिरणारे प्रोग्राम असतात. टोकन हातात आलं की तुमच्या खात्यातून हजारो मेसेज जाऊ शकतात. बिल तुमच्या नावावर येईल, आणि त्या मेसेजमध्ये जे लिहिलं असेल त्याबद्दल विचारायला लोक तुमच्याच दारात येतील. टोकन बाहेर गेल्याची शंका जरी आली तरी त्याच क्षणी जुनं रद्द करून नवं घ्या.

नंबर नीट लिहिणं

नंबर ई.१६४ नावाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत द्यायचा असतो : आधी अधिक चिन्ह, मग ९१, मग १० आकडे. सुरुवातीचं शून्य नको, मधली रेघ नको. तुमची यादी एक्सेलमध्ये असेल तर नंबरचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा, नाहीतर अधिक चिन्ह जातं आणि मोठा आकडा वेगळ्याच रूपात दिसायला लागतो.

मराठी कळफलकावर नोंद करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. कोणी नंबर देवनागरी आकड्यांत भरला आणि तुम्ही पायथॉनमध्ये 'इजडिजिट' लावून तपासला, तर उत्तर 'हो' येतं. पायथॉनच्या दृष्टीनं देवनागरी नऊ हाही आकडाच आहे. पुढे कंपनी मात्र तो नंबर नाकारते. म्हणून तपासण्याआधी प्रत्येक आकडा इंग्रजी अंकात बदलून घ्या. एका ओळीचं काम आहे, पण ते करायचं हे आपल्यालाच माहीत असणार. परदेशात बसून लायब्ररी लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात यायचं कारण नाही.

मराठीतला मेसेज महाग का पडतो?

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरांसाठी जी जुनी वर्णमाला ठरली तिच्यात एका अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरी किंवा उर्दू त्या वर्णमालेत नाही. ती लिहायची तर प्रत्येक चिन्हाला २ बाइट, म्हणजे ७० चिन्हं. मजकूर त्याहून लांब झाला तर तुकडे पडतात. तुकडे जोडायची माहितीही त्यातच घालावी लागते, म्हणून मग एका तुकड्यात ६७ च राहतात. बिल तुकड्यांवर लागतं.

आणि 'चिन्ह' म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. काना, वेलांटी, मात्रा, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थी' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, मशीन त्याची १० चिन्हं मोजतं. 'शिष्यवृत्ती' ११ चिन्हांचा आहे.

एक मेसेज मोजून पाहू. "शिष्यवृत्ती अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर आहे." रिकाम्या जागा आणि पूर्णविराम धरून ४८ चिन्हं. आता त्याला जोडू, "रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आणा." एकूण ८८ झाली, म्हणजे दोन तुकडे, दुप्पट पैसे. त्याऐवजी जोडलं, "उत्पन्न दाखला आणा." तर एकूण ६७. एका मेसेजमध्ये बसलं. रहिवासी दाखल्याचं दुसऱ्या मेसेजमध्ये सांगा किंवा अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहा.

उलटाही घोळ होतो. पूर्ण इंग्रजी मेसेजमध्ये कोणी रुपयाचं चिन्ह टाकलं किंवा वर्डमधून वळणदार अवतरणचिन्ह चिकटवलं, की तो सगळा मेसेज ७० च्या हिशेबात जातो. लायब्ररी हे मुकाट्यानं करते, तक्रार करत नाही. कळतं ते बिल आल्यावर. म्हणून पाठवण्याआधी चिन्हं आणि तुकडे मोजणारं छोटं फंक्शन लिहा आणि एकापेक्षा जास्त तुकडे होत असतील तर कोडला थांबून विचारू द्या.

खर्च वाचवायला बरेच जण मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत पाठवतात. ज्यांना सवय आहे त्यांचं भागतं. पण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेली खाला, किंवा उर्दू शाळेत शिकलेली अम्मी, तो मेसेज वाचू शकत नाही. ती तो मुलाकडे देते. मुलगा घरी नसेल तर मेसेज तसाच पडून राहतो. नोंद करतानाच विचारा : मेसेज मराठीत हवा, उर्दूत, हिंदीत की इंग्रजीत? तुमच्या टेबलात भाषेचा एक रकाना ठेवा. आपल्या घरांत बोलायची भाषा एक, शाळेची दुसरी आणि वाचायची तिसरी असू शकते. नावावरून भाषा ठरवू नका. आपल्याबद्दल इतर लोक तसं ठरवतात तेव्हा आपल्याला कसं वाटतं ते आठवा.

कोड बरोबर, तरी मेसेज गायब

भारतात एक पायरी जास्त आहे आणि परदेशी व्हिडिओ बघून शिकलेल्या मुलांना ती माहीत नसते. कोड बरोबर चालतो, पोच क्रमांक मिळतो, आणि मेसेज येत नाही. कारण दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांचे २०१८ चे नियम. त्यांनुसार व्यावसायिक किंवा संस्थेचा मेसेज पाठवणाऱ्यानं डीएलटी नावाच्या नोंदवहीत आधी नोंद करायची असते. तीन नोंदी लागतात. एक, संस्थेची. दोन, हेडरची, म्हणजे मेसेजवर नंबराच्या जागी दिसणाऱ्या त्या सहा अक्षरांच्या नावाची. तीन, मजकुराच्या नमुन्याची. नमुन्यात बदलणाऱ्या जागा, जसं नाव किंवा तारीख, खुणेनं दाखवायच्या. बाकी मजकूर नोंदवला तसाच्या तसा जायला हवा. जुळला नाही तर टेलिकॉम कंपनी तो अडवते.

हे किती कडक आहे ते ८ मार्च २०२१ ला देशानं पाहिलं. त्या दिवशी नमुना जुळवून पाहण्याची तपासणी सुरू झाली आणि बँकांचे ओटीपी अडकले, कोविन लसीकरणाच्या नोंदणीवरही परिणाम झाला. दुसऱ्याच दिवशी ट्रायनं ती तपासणी सात दिवसांसाठी थांबवली. नियम मात्र राहिला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर मेसेजमधली लिंकसुद्धा आधी नोंदवलेली असावी लागते.

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. २०२४ मध्ये अहमदनगरचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. एखाद्या संस्थेच्या नोंदवलेल्या नमुन्यात 'अहमदनगर' हा शब्द ठरलेल्या मजकुरात असेल आणि कोणी फक्त कोडमध्ये तो बदलला, तर मेसेज जाणार नाही. आधी नवा नमुना मंजूर करून घ्यावा लागेल. शिवाय 'अहमदनगर' ७ चिन्हांचा शब्द आहे आणि 'अहिल्यानगर' १० चिन्हांचा. काठावरचा मेसेज तेवढ्यानं दोन तुकड्यांत जाऊ शकतो.

तुमच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की चार मित्रांनी मिळून थेट ही सेवा सुरू करता येत नाही. नोंदणीकृत ट्रस्ट किंवा संस्था हवी, पॅन हवा. संस्था नसेल तर एखाद्या विश्वासाच्या नोंदणीकृत संस्थेबरोबर काम करा. परदेशी मार्गानं मेसेज पाठवून ही पायरी चुकवता येते असं कोणी सांगेल. तो मेसेज महाग पडतो आणि अनोळखी आकड्यावरून येतो. फसवणुकीचे मेसेज लोकांना रोज येतात. अनोळखी आकड्यावरून आलेली शिष्यवृत्तीची बातमी कोण खरी मानेल? मानू नये असंच आपण लोकांना शिकवायला हवं.

त्यासाठी एक उपयोगी खूण. २०२५ च्या दुरुस्तीनंतर हेडरच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येतं. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार, 'जी' म्हणजे सरकारी. घरी अब्बांना, आजीला ही चार अक्षरं दाखवा.

या नियमांचा वैताग येतो, पण त्यांच्यामागे काय आहे तेही आपल्याला माहीत असावं. सप्टेंबर २०१० मध्ये अयोध्येच्या खटल्याचा निकाल येण्याआधी सरकारनं देशभर बल्क एसएमएस बंद केले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये एसएमएसवरून अफवा पसरली की ईशान्य भारतातल्या लोकांवर रमजान संपताच हल्ले होणार. बंगळुरूहून आणि आपल्या पुण्याहूनही माणसं सामान बांधून गाड्यांमध्ये बसली. १७ ऑगस्टला सरकारनं १५ दिवसांसाठी एका वेळी पाचपेक्षा जास्त एसएमएस पाठवायला बंदी घातली. त्या अफवेत नाव मुसलमानांचं होतं आणि घर सोडावं लागलं ते ईशान्येकडच्या मुलांना. आज तुम्ही जे शिकताय ते म्हणजे एका लूपमध्ये हजारो लोकांपर्यंत पोचायची ताकद. कोणताही मेसेज त्या लूपमध्ये घालण्याआधी दुसऱ्या माणसानं तो वाचून मंजूर केलेला असावा, हा नियम तुमच्या गटात पहिल्या दिवसापासून ठेवा. कोडमध्येही ठेवा. मंजुरीचा रकाना रिकामा असेल तर मेसेज जाऊ नये.

'पाठवला' आणि 'पोचला'

'क्रिएट' बोलावल्यावर जी स्थिती येते ती बहुतेक वेळा 'क्यूड' असते, म्हणजे रांगेत लागला. पुढे 'सेंट', म्हणजे टेलिकॉम कंपनीकडे दिला. मग 'डिलिव्हर्ड', 'अनडिलिव्हर्ड' किंवा 'फेल्ड'. ही पुढची बातमी तुम्हाला नंतर येते. त्यासाठी मेसेज देताना तुमच्या सर्व्हरचा एक पत्ता द्यायचा. स्थिती बदलली की कंपनी त्या पत्त्यावर कळवते. याला वेबहूक म्हणतात. त्या पत्त्यावर कोणीही खोटी बातमी पाठवू शकतं, म्हणून आलेल्या विनंतीवरची सही तपासायची. ट्विलिओच्या लायब्ररीत ती तपासायची सोय तयार आहे, फक्त वापरायची आठवण हवी.

दुसरी काळजी टाइमआउटची. नेट मंद आहे, उत्तर आलं नाही, कोड म्हणतो टाइमआउट. याचा अर्थ मेसेज गेला नाही असा होत नाही. कदाचित गेला असेल आणि पोच तेवढी वाटेत हरवली असेल. तुम्ही आंधळेपणानं परत पाठवला तर त्या बाईला एकच मेसेज तीनदा जातो. म्हणून पाठवण्याआधी टेबलात ओळ लिहा : कोणाला, कोणता मेसेज, कोणत्या तारखेचा. परत पाठवताना आधी ती ओळ बघा आणि कंपनीकडच्या नोंदीशी ताडून पाहा.

आणि 'अनडिलिव्हर्ड'चं काय करायचं? इथे त्या वॉटरशेड ट्रस्टकडे परत येते. पीकसल्ला एसएमएसनं जायचा, आणि गावात भिंतीवर कागदही लागायचा, ध्वनिक्षेपकावर सांगितलंही जायचं. ज्याच्याकडे फोन नाही, ज्याला वाचता येत नाही, तो त्यांच्या हिशेबात होता. तुमच्या ३०० पैकी समजा ४० मेसेज पोचले नाहीत. संगणकानं रोज संध्याकाळी त्या ४० नावांची यादी काढून द्यावी आणि दोन मुलामुलींनी ती घेऊन फोन करावेत, नाहीतर घरी जावं. माझ्या मते तुमच्या यंत्रणेतला सगळ्यात किमती भाग ती यादी असेल. कारण ज्यांचा नंबर बदललाय, रिचार्ज संपलाय, फोन गहाण पडलाय, त्यांनाच शिष्यवृत्तीची गरज जास्त असते.

नंबर म्हणजे माणूस नव्हे

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. कोडमध्ये 'टू'च्या जागी आपण नंबर लिहितो आणि मनात माणूस धरतो. आपल्या अनेक घरांत फोन एकच असतो. मुलीच्या नावापुढे नंबर भावाचा असतो, बायकोच्या नावापुढे नवऱ्याचा.

शिष्यवृत्तीच्या मेसेजचं एक वेळ चालून जाईल. पण तुमच्या केंद्रात उद्या एखादी बहीण पोटगीचा सल्ला घ्यायला आली आणि यंत्रणेनं आपोआप मेसेज पाठवला, "तुमची पोटगीची भेट उद्या ११ वाजता", तर तो कोणाच्या हातात पडेल? पडद्यावर कुलूप असलं तरी मेसेजची पहिली ओळ वर दिसते. मेसेजचा घरावर काय परिणाम होतो हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. फोनवरून, एसएमएसवरून तलाक कळवल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं शायरा बानो खटल्यात तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. २०१९ च्या कायद्यात तर इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला तलाकही अवैध असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. एका मेसेजनं बाईचं आयुष्य उलटंपालटं होऊ शकतं हे कायद्यानंही मान्य केलं आहे. मग तिच्या मदतीसाठी पाठवलेल्या मेसेजची काळजी आपण तेवढीच घ्यायला हवी.

म्हणून टेबलात आणखी तीन रकाने ठेवा. हा फोन कोणाचा आहे? यावर काय पाठवलेलं चालेल? कोणत्या वेळी? आणि फोन तिचा स्वतःचा नसेल, तर अशा विषयावर मेसेज जाऊच नये अशी अट कोडमध्ये घाला. तिला पुढची तारीख समोरच सांगा, चिठ्ठीवर लिहून हवी का ते तिलाच विचारा.

परवानगी ही आता कायद्याचीही गोष्ट आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. माहिती कशासाठी घेतो ते स्पष्ट सांगून संमती घ्यायची. ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची सोय हवी. त्या २२ भाषांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांची संमती लागते. तुमची नववी-दहावीची मुलं त्यातच येतात. एका कामासाठी घेतलेली यादी दुसऱ्या कामासाठी वापरायची नाही. शिष्यवृत्तीसाठी दिलेले नंबर निवडणुकीत कोणी मागायला आला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या ओळखीचा असो, उत्तर एकच : नाही. लोकांनी नंबर तुमच्या भरवशावर दिलेले असतात.

मग सुरुवात कशी करायची? लगेच ३०० जणांना पाठवू नका. ट्विलिओ चाचणीसाठी वेगळं टोकन देते, त्यात मेसेज खरा जात नाही आणि पैसे लागत नाहीत. त्यावर कोड नीट बसवा. त्याच वेळी संस्थेची, हेडरची आणि दोन-तीन नमुन्यांची नोंदणी करायला द्या, तिला दिवस लागतात. मग गटातल्याच दहा जणांना पाठवा, त्यांत दोन बटणाचे फोन असू द्या. जुन्या फोनवर देवनागरी आणि उर्दू नीट दिसते का, चौकोन येतात का, ते डोळ्यांनी बघा. त्यानंतर ३०, मग ३००.

आणि आज घरी जाताना एक काम न्या. त्याला संगणक लागत नाही. तुमच्या अभ्यासिकेला खरोखर पाठवायचा आहे असा एक मेसेज कागदावर मराठीत लिहा. काना, मात्रा, हलन्त धरून ७० चिन्हांत बसवा. मग तो तुमच्या घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, आता काय करायचं आहे? त्यांना नीट सांगता आलं, तर तो मेसेज नोंदणीला पाठवायच्या लायकीचा झाला. नाही आलं, तर परत लिहा.

कोडमध्ये कुठे अडलात तर चहाच्या वेळी लॅपटॉप घेऊन या, बसून बघू.